मशिदीच्या घड्याळातला मरहूम सुत्रिमो

अहो, नाही मेलो मी! कितीदा सांगायचं माणसानं? परवा आणखी एक जण आला, पलीकडच्या गावचा, दारात थबकला, आधी माझ्या पायांकडं बघितलं, टेकलेत का जमिनीला, मग तोंडाकडं बघितलं, आणि म्हणतो कसा, आमच्याकडं मोठ्या माणसाला बापाक म्हणतात तसं, "बापाक सुत्रिमो... तुम्हीच ना?" आता मी नाही तर कोण माझी लुंगी नेसून, माझ्या ओट्यावर, माझी कॉफी पीत बसणार? पण त्याचा तरी काय दोष म्हणा, तो बिचारा शुक्रवारच्या नमाजाला आला होता, मान वर केली, आणि भिंतीवर लाल लाल अक्षरं सरकतायत, "मरहूम सुत्रिमो यांच्या स्मरणार्थ"! मशिदीच्या भिंतीवर लिहिलेलं, त्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? आणि हे सगळं कशापायी? एका चिपपायी! बोटाएवढ्या चिपपायी!

तुम्हाला सांगतो, मी मूळचा पाटबंधारे खात्यातला कारकून. निवृत्त झालो. आमच्याकडं माणूस निवृत्त झाला की गाणारे पक्षी पाळतो, पिंजरे टांगतो, स्पर्धांना जातो. मला पक्षी आवडत नाहीत. म्हणजे लांबून आवडतात. मी आपला वायरी जोडत बसतो. पाण्याची टाकी भरली की शिट्टी, अंधार पडला की अंगणातला दिवा, असलं काहीबाही. सोल्डरिंगचा डाग द्यावा तर मी द्यावा, असा गोल, असा चकचकीत... पण चिप! चिपच्या पोटात प्रोग्राम असतो हो, आणि तो लिहायचा असतो. शिकायला गेलो होतो. पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'हे अगदी सोपं आहे', तिथंच ओळखलं की हे आपल्या कुंडलीत नाही. मग आमच्यासारखे काय करतात? भरलेली चिप मागवतात! आतली अक्कल दुसऱ्यानं भरलेली, आपण फक्त सॉकेटमध्ये खोचायची, वीज द्यायची, की लागलं चालायला.

आमची ही त्या चिपला गोम म्हणायची. काळं अंग आणि दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा, दुसरं काय म्हणणार? पार्सल आलं की आतूनच ओरडायची, "अहो, तुमची गोम आलीय! चावायच्या आत उघडा!" मला बारीक दिसत नाही, म्हणून चिपवरचे नंबर तीच वाचायची, आणि मी डाग देताना बॅटरी धरून उभी राहायची. बॅटरी धरायची म्हणजे काय, तोंड चालू असायचं, तोंड वळेल तिकडं उजेड वळायचा. शेजारच्या सुपीनीची गोष्ट निघाली की उजेड शेजारच्या भिंतीवर! मी ओरडायचो, "अगं, इकडं, इकडं!" आता बॅटरी दातांत धरतो. उजेड अगदी स्थिर पडतो. काही हलत नाही. त्याचा काही उपयोग नाही, पण हलत नाही.

काय सांगत होतो... हां, गोम! तुम्हाला सांगतो, भरलेल्या चिपमध्ये इथंच तर गोम आहे! आत काय भरलंय ते दिसत नाही. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. वर विकणारे आतून कुलूप घालतात, कुणी नक्कल मारू नये म्हणून. लावल्यावर कळतं! एकदा मी दारावरच्या घंटीसाठी चिप मागवली. खोचली, बटण दाबलं, तर चिवचिव, चिवचिव, चिवचिव! पाकोळ्यांचा आवाज! आमच्याकडं लोक पाकोळ्यांना बोलवायला उंच उंच घरं बांधतात, त्यांच्या घरट्यांचं सूप करतात, त्या धंद्याची चिप माझ्या घंटीत! आणि पाकोळ्या खऱ्याच आल्या हो! चार पाहुणे आले की चाळीस पाकोळ्या! ओटा घाण, धुतलेले कपडे घाण, ही झाडू घेऊन माझ्या मागं, "आधी ती गोम काढा! नाहीतर तुम्हीच वर जाऊन घरटं करून राहा!" मी विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणतो, "वाजतंय ना, बापाक? मग झालं!"

तर ही गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्याच्याबद्दल फार बोलत नाही, बोलायला लागलो की... असो. आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी लोक जमतात, सातव्या दिवशी जमतात, चाळिसाव्या, शंभराव्या, वर्षाच्या, आणि शेवटी हजाराव्या. कुराणातलं यासीन वाचायचं, दुवा मागायची, जेवायचं, डबा घेऊन घरी जायचं. हजाराव्याला कबरीवर पक्का दगड बसतो आणि संपलं. त्यानंतर कुणावर काही बंधन नाही. म्हणजे बघा, तोवर निदान ठरलेल्या दिवशी घर भरतं, कुणीतरी तिचं नाव काढतं, कुणीतरी म्हणतं 'तिच्या हातचे अपेम, ते तांदळाचे गोड घावन, काय व्हायचे!' हजाराव्यानंतर कोण येणार? आणि का येणार? मी हिशोब करत बसलो नव्हतो, पण तो दिवस जवळ यायला लागला तसं मला घर खायला उठलं. वाटायला लागलं, आता ही दुसऱ्यांदा जाणार.

म्हणून म्हटलं, मशिदीला घड्याळ द्यायचं! पाची नमाजांच्या वेळा दाखवणारं, आणि खाली सरकती ओळ, तिच्या नावाची. दिवसातून पाच वेळा गाव जमतं, पाच वेळा मान वर करतं. दगडाकडं कोण जातंय रोज? पण घड्याळाकडं बघतातच!

हाजी बासोरींकडं गेलो. ते आमच्या मशिदीचे इमाम, तिथलं सगळं तेच बघतात. त्यांना म्हटलं, "हाजी, ओळ अशी टाकतो, मरहूमा तुमिरा यांच्या स्मरणार्थ."

हाजी म्हणाले, "फार छान. तुमिरा कोण?"

"कोण म्हणजे? माझी बायको!"

"ती तर इबू सुत्रिमो!"

आता घ्या! चूक त्यांची नाही हो. आमच्याकडं लग्न झालं की बाई नवऱ्याच्या नावानंच ओळखली जाते. मी सुत्रिमो, ती इबू सुत्रिमो, म्हणजे सुत्रिमोबाई. भाजीवाल्यापासून गावच्या मुखियापर्यंत सगळे तेच म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वाटायचं नाही, उलट कुणी तुमिरा म्हटलं तर ती मागं वळून बघायची, कुणाला हाक मारतायत म्हणून. हाजी म्हणाले, "इबू सुत्रिमो टाक, म्हणजे लोकांना कळेल कुणासाठी दुवा मागायची." पटलं मला. मी कशाला नाही म्हणू?

मग चिप मागवली. विकणारा मलांग शहरातला एक पोरगेला इसम, मास विचाक्सोनो, मास म्हणजे आपलं दादा. नावाचा अर्थ विचारा. शहाणा! फोनवर सगळं झालं, आमच्या गावाचे अक्षांश दिले, रेखांश दिले, म्हणजे सूर्य कधी बुडतो ते चिपला आपोआप कळतं, आणि ओळ दिली, 'मरहूमा इबू सुत्रिमो यांच्या स्मरणार्थ'. थोड्या वेळानं त्याचाच फोन.

"बापाक, ओळ लांब होतेय. चिपमध्ये जागा कमी. बसत नाहीत अक्षरं."

"मग?"

"मी बसवतो ना! थोडंसं कापतो. अर्थ तोच राहील."

"वेळा चुकायला नकोत हं मास!"

"वेळा सेकंदाला बरोबर! काळजीच सोडा. बाकी... ऐकून वाईट वाटलं, बापाक. वडील होते ना? अल्लाह त्यांना जन्नत देवो."

आता माझे वडीलही गेलेलेच आहेत. कधीचे गेलेत. कुणी माझ्या वडिलांना जन्नत मागतोय तर मी नको म्हणू? मी म्हटलं, "आमीन." आणि तुम्हाला सांगतो, इथंच तर गोम आहे! तो समजला, नाव पुरुषाचं, म्हणजे पोरगा बापाच्या नावानं घड्याळ देतोय. बापाच्या नावापुढं 'इबू' कसं येईल? कापलं! मरहूमा तर बाईला म्हणतात, पुरुषाला काना कशाला? कापला! राहिलं काय? मरहूम सुत्रिमो! एक काना हो... एका कान्यानं बायको गेली आणि नवरा मेला!

तुम्ही म्हणाल, घरी लावून बघायचं नाही का? अहो, ते लाल दिव्यांचं पॅनल माझ्या घराच्या दारापेक्षा लांब, ते मशिदीतच जोडलं, मशिदीतच चढवलं. मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडतानाच्या नमाजाच्या आधी सगळे जमलेले. मी शिडीवर, दातांत बॅटरी, तोंड भिंतीकडं, पाठ लोकांकडं. चिप खोचली. वीज दिली. तर माझ्या नाकासमोर नुसते लाल ठिपके, इकडून तिकडं पळणारे मुंग्यांसारखे! इतक्या जवळून अक्षर कसं लागणार? मी आपला खूश, पेटलं, पेटलं! खाली एकदम शांत. मला वाटलं, भारावले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "इन्ना लिल्लाही..." मला वाटलं, कुणी गेल्याची बातमी आली! मी शिडीवरूनच विचारतो, तेही बॅटरी दातांत धरून, "कोण गेलं? कोण गेलं?"

हाजी बासोरी म्हणाले, "तू! आधी खाली उतर."

उतरलो, वाचलं. हसले सगळे. मीही हसलो, काय करणार? पण आतून असं झालं ना... इतका खटाटोप तिच्या नावासाठी, आणि तिथं मी! जन्मभर सगळीकडं माझंच नाव, रेशनला माझं, दारावर माझं, तिला हाक मारायची तरी माझंच, आणि एवढी एक ओळ तिच्यासाठी मागितली तर तिथंही मीच पसरलोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दारात बायका, डोक्यावर पदर, हातात पातेली! मयताच्या घरी तांदूळ-साखर घेऊन जायची पद्धत आमच्याकडं. वरच्या पाड्यापर्यंत बातमी पोचली होती, घड्याळानं दिली म्हणून. मी दार उघडलं, सर्वांत पुढं जी बाई होती तिनं मला बघितलं आणि पातेलंच सोडलं! ओटाभर तांदूळ! शेजारची इबू सुपीनी धावत आली, "अगं बायांनो, जिवंत आहेत हे! घड्याळ चुकलंय!" त्यातली एक म्हातारी मला म्हणते, "आता आणलेत तर तांदूळ परत नेणं बरं नाही. ठेवून घ्या. लागतीलच." लागतीलच! कधी ते नाही सांगितलं!

फोन लावला विचाक्सोनोला. "मास, हे काय केलंस?"

"का? पेटत नाही का, बापाक?"

"पेटतंय! पण मी मेलोय त्यात!"

"म्हणजे... वडील नाही का वारले?"

"वारले, पण ते वेगळे! माझी बायको गेलीय रे, बायको! तू तिला कापून टाकलंस आणि मला मारलंस!"

तो म्हणाला, आणि अगदी खरं वाटून म्हणाला, "बापाक, माझी चूक. त्या चिपला कुलूप आहे, तिथं काही बदलता येणार नाही. नवीन भरून पाठवतो, पैसे नकोत. पण पोचायला वेळ लागेल." आणि हजारावा दिवस तर तोंडावर. म्हणजे तिच्या दिवशी भिंतीवर मीच सरकत राहणार.

हजाराव्या दिवशी संध्याकाळी घर भरलं. चटया पसरल्या, सुपीनीनं अपेम केले, ते काही तिच्यासारखे झाले नव्हते पण मी म्हटलं छान झालेत. यासीन झालं. मग दुवा. दुवेच्या आधी इमामानं गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. हाजी बासोरी डोळे मिटून बसलेले, आवाज लावला, आणि त्या घड्याळाखाली रोज पाच वेळा बसून त्यांच्या डोक्यात जे बसलं होतं तेच तोंडातून आलं, "आज आपण जमलो आहोत ते मरहूम सुत्रिमो यांच्यासाठी..." आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "आमीन!" सगळ्यांनी म्हणजे मीही! सवयच हो, दुवा आली की आमीन! स्वतःच्या मयतीला आमीन म्हणणारा गावात मी पहिलाच!

क्षणभर कुणाला कळेना. मग स्वयंपाकघरातून सुपीनी खुदकन हसली, आणि मग बांधच फुटला. चटईवर लोळायची पाळी आली. आणि हसता हसता कुणीतरी म्हणालं, "इबू असती तर आज बापाकची काही धडगत नव्हती!" दुसरा म्हणाला, "म्हणाली असती, अहो, मरायचं तरी नीट मरा, चिप कसली मागवता!" मग पाकोळ्या निघाल्या, मग झाडू निघाला, मग ती बॅटरीचा उजेड कसा भलतीकडं पाडायची ते एकानं उठून करून दाखवलं... अहो, ती त्या घरात होती हो त्या संध्याकाळी. मी तिला सगळ्यांच्या तोंडात बघितली. शेवटी हाजींनी डोळे पुसले, पुन्हा आवाज लावला, मला विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "तुमिरा बिंती कर्तोमेजो, कर्तोमेजोची लेक तुमिरा." आणि सगळ्यांनी ते म्हटलं. तुमिरा.

मग आली नवी चिप. अगदी बरोबर हं! वचनाला जागला पोरगा, सोबत मिठाईचा डबासुद्धा. मीच सांगितलं होतं त्याला, आता तिचंच नाव घाल, म्हणजे घोटाळा नको. पुन्हा शिडी, पुन्हा दातांत बॅटरी, जुनी काढली, नवी खोचली, खाली उतरून वाचलं, 'मरहूमा तुमिरा यांच्या स्मरणार्थ'. काना जागेवर, सगळं जागेवर. मी किती वेळ बघत उभा होतो मलाच ठाऊक नाही. बरं वाटलं. झालं एकदाचं, म्हटलं.

पण तुम्हाला सांगतो, इथंच तर गोम आहे! बरोबर ओळीकडं कोण बघतंय? कुणी थांबेना, कुणी हसेना, वेळ बघायची आणि नमाजाला उभं राहायचं. त्यांचं काही चुकत नाही, घड्याळ वेळेसाठीच असतं. मग एका दुपारी मी नळावर पाय धूत होतो. भिंतीपलीकडं कुणी पाहुणा होता, त्यानं विचारलं, "ही तुमिरा कोण?" आणि आमच्याच गावचा एक जण, नाव नाही घेत, तिच्या हातचे अपेम खाऊन मोठा झालेला, तो म्हणाला, "काय की... असेल कुणीतरी जुन्या काळची बाई."

जुन्या काळची बाई! मी नळ बंद करायचा विसरलो. रागावलो नाही हो, कुणावर रागावू? त्यानं तिचं नाव कधी ऐकलंच नव्हतं, एकदा आमीन म्हटलं असेल तेवढंच. पण बघा, तो मेलेला सुत्रिमो भिंतीवर होता तोवर दहा माणसं विचारत होती, दहा जण सांगत होते, अहो तो नाही, त्याची बायको, काय बाई होती, असं झालं आणि तसं झालं, आणि गोष्ट काही तिच्याशिवाय पुरी होत नव्हती! आणि आता बरोबर नाव लागलं तर गोष्टच संपली. नुसतं नाव सरकतंय. इकडून आलं, तिकडं गेलं.

मग काय केलं? काय करणार... असरचा, दुपार कलल्यावरचा नमाज झाला, सगळे गेले, मी शिडी काढली. हाजी बासोरी अंगणातून बघत होते, ते आले. "काय रे, बिघडलं का?"

"नाही. बदलतोय."

"काय बदलतोयस?"

मी खिशातून जुनी चिप काढून दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, त्यांना काय कळणार, काळी ती काळीच. पण त्यांना कळलं. म्हणाले, "अरे पण ते चूक आहे, सुत्रिमो! लोक पुन्हा तांदूळ घेऊन येतील!"

"येऊ दे. सांगेन त्यांना सगळं. पहिल्यापासून सांगेन."

"आणि ओळ? ती तर चुकीचीच राहणार!"

मी चिप परत घेतली, शिडीवर चढलो. त्यांनी खालून शिडी धरली, बॅटरीही धरली. मी खोचली, वीज दिली, नाकासमोर लाल ठिपके पळायला लागले, आणि वरूनच म्हटलं, "चुकीची कुठं, हाजी? घड्याळच आहे ते. जरा पुढं आहे, एवढंच. गाठतोय मी."